होडीच्या रंगाचा ठिपका

कंप्युटर विकत आणणं वेगळं आणि जोडणं वेगळं. विकत आणायला पैसे पुरतात. जोडायला पैसे लागतातच, वर डोकं लागतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणावर तरी विश्वास टाकावा लागतो. शितलकडे पैसे बेताचे होते, डोकं चांगलं होतं आणि विश्वास टाकायला नविनदादा होता.

शितल गंजाडच्या एका पाड्यावर राहायची आणि डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला जायची. तिथे टेबलावर फुग्यांचा ढीग ओततात आणि त्यातले भोकाचे, चिकटलेले, वाकड्या तोंडाचे फुगे वेगळे काढायचे असतात. काम कंटाळवाणं, पण शितलचा हात बघायला बायका मान वर करायच्या. तिचे डोळे फुग्यावर पडायच्या आत बोटांनी तो बाजूला केलेला असायचा. त्याच बोटांनी ती फोनवर गोळीबाराचा खेळ खेळायची, आणि तिथेही समोरच्याला कळायच्या आत त्याचा निकाल लागलेला असायचा.

बोईसरच्या दिपकने तिचा खेळ फोनवर पाहिला होता. तो मुलांची टीम बांधत होता. त्याने स्पष्ट सांगितलं, "फोनवर बास झालं. मोठ्या स्पर्धा कंप्युटरवर होतात. तू कंप्युटर घे, उन्हाळ्यापर्यंत तयार हो, टीममध्ये जागा तुझी." शितलला आजवर जागा कुणी देऊ केली नव्हती. जीपमध्येसुद्धा तिला पाटीवाल्या बाईच्या शेजारी अर्धीच मिळायची. त्यामुळे ही जागा तिने मनात धरून ठेवली.

आता नविन कोण, ते सांगतो. नविन तिचा चुलतभाऊ, लाहूकाकाचा मुलगा. तिचा बाप चिमण आणि लाहू हे सख्खे भाऊ. तरुणपणी दोघेही धाकटी डहाणूच्या होड्यांवर खलाशी म्हणून जायचे. पुढे लाहूने तलासरी नाक्यावर बस्तान बसवलं, चिमण अजून होडीवरच होता. तो समुद्रावर असला की घरात कर्ता पुरुष म्हणून नविनच धावून यायचा, सिलिंडर असो की दवाखाना. नाक्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मागच्या खोलीत मुलांना खेळायला दोन कंप्युटर मांडलेले. शितलच्या हातात पहिला खेळ त्यानेच दिला होता.

दर रविवारी ती तलासरीला जायची आणि दोघं भाग निवडत बसायची. नविन शिकवायचा मात्र झकास. "प्रोसेसर आणि बोर्ड यांची पत्रिका जुळली पाहिजे. नाहीतर लग्न मांडवातच मोडतं," तो म्हणायचा. पॉवर सप्लायवर पैसे वाचवायचे म्हटलं की तो कान धरायचा. "आपल्याकडची लाइट कशी आहे? नवी सून. कधी माहेरी पळेल नेम नाही. इथे स्वस्तातलं घेतलंस तर सगळं जळेल." शितलला कंप्युटरला काचेचा डबा हवा होता, आतून रंगीत दिवे लागतात तसा. तिने तो फोनवर कितीदा तरी उघडून पाहिला होता. नविनने एका वाक्यात तो उडवला.

"शितू, शोभा कुणाला दाखवायची? पत्र्याचा डबा घे. ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाल. चित्र तेच ओढतं. खेळाचा जीव त्याच्यात असतो."

तिला पटलं. तिने डबा पत्र्याचा ठरवला, स्क्रीन जुनी घ्यायची ठरवली, आणि जवळजवळ निम्मे पैसे त्या एका कार्डासाठी बाजूला काढले. दिवाळीचा बोनस त्यात गेला. तिने त्या वर्षी साडी घेतली नाही आणि फुटक्या काचेचा फोन तसाच वापरला. दोन पंख्यांचं, काळं, विटेएवढं कार्ड. नविन म्हणाला होता, "हे घेतलंस की चार वर्षं मागे बघायला नको."

खरेदी वापीला झाली. दुकानदार गुजराती होता आणि नविनने त्याच्याच भाषेत घासाघीस केली. कार्डावरून ताणाताणी झाली तेव्हा त्याने शितलच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मारी नानी बेन छे, भाई. एना माटे लेवानुं छे." धाकट्या बहिणीसाठी घ्यायचंय, हे ऐकून दुकानदार हसला आणि भाव थोडा उतरवला. शितलला तेव्हा इतकं बरं वाटलं की परतीच्या वाटेवर तिने स्वतःच्या पैशाने दोघांना उसाचा रस पाजला.

खोकी त्या रात्रीपुरती गंजाडला आली, कारण भिकीची, म्हणजे शितलच्या आईची, तशी अटच होती. नवी वस्तू आधी घरच्या देवापुढे आली पाहिजे, मग कुठेही जाऊ दे. सकाळी नविन मोटरसायकल घेऊन आला.

"तुझ्याकडे लाइटचा भरवसा नाही," तो म्हणाला. "जोडताना मध्येच गेली तर बोर्ड जाईल. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. मी जोडून आणतो."

"मी पण येते. मला जोडायला शिकायचंय."

"कारखाना बुडवणार? आधीच हात रिकामा केलायस. पुढच्या वेळी शिकवतो."

ती कारखान्यात गेली. चार दिवसांनी तयार कंप्युटर घरी आला. पाड्यावरची पोरं दारात गोळा झाली, भिकीने पत्र्याच्या डब्याला ओवाळलं, आणि नविनने बटण दाबलं. पडद्यावर कार्डाचं नाव वाचून दाखवलं. अगदी बरोबर तेच नाव होतं. शितलने त्याच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

आणि मग तो खेळ अडखळू लागला.

एरवी ठीक चालायचं. पण समोर शत्रू आला, गोळी झाडायचा क्षण आला, की चित्र डचमळायचं, थबकायचं, आणि पुन्हा हलेपर्यंत शितल मेलेली असायची. तिने नविनला विचारलं. तो म्हणाला, लाइट कमीजास्त होते म्हणून. तिने स्टॅबिलायझर घेतला. तरी तेच. तो म्हणाला, खोली तापते. पत्र्याचं छप्पर, तापणारच. तिने घरातला एकुलता टेबल-पंखा कंप्युटरकडे वळवला आणि भिकी महिनाभर पदराने वारा घेत बसली. तरी तेच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दिपकने चाचणीचे सामने ठेवले. शितल तीनही सामन्यांत सगळ्यांत आधी मेली. हेडफोनमधून एकाचं हसणं तिला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी ती थेट तलासरीला गेली. नविनने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चहा मागवला, आणि फार मायेने तिला सांगितलं.

"शितू, मनाला लावून घेऊ नको. मशीन चांगलं आहे, मी स्वतः जोडलंय. फरक हाताचा आहे. फोन म्हणजे अंगठ्याचा खेळ. इथे मनगट लागतं. फोनवरच्या बऱ्याच जणांचं असं होतं, हात मंद पडतो. त्यात लाज कसली?"

"सराव करून नाही होणार?"

"होईल थोडंफार. पण टीम थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

तिने मान हलवली. त्या माणसाने आजवर तिला खोटं सांगितलं नव्हतं, निदान तिला ठाऊक नव्हतं. तिने तिथेच, त्याच्यासमोर, दिपकला आवाजी निरोप पाठवला. माझ्याने होणार नाही, माझ्या जागी माझ्या दादाला घ्या, तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो. नविन म्हणाला, "तू सांगतेस म्हणून जातो हां," आणि चहाचे पैसे त्याने दिले.

जागा गेली, तेही तिने सोसलं असतं. पण तो मंद हात तिच्याबरोबर घरी आला आणि कारखान्यातही आला. फुगा उचलताना तिला वाटायचं, उशीर झाला की काय. एकदा वाटलं की मग उशीर होतोच. वाकड्या तोंडाचे फुगे तिच्या ढिगातून निसटून पुढे जाऊ लागले. मुकादमबाईने विचारलं, "शितल, बरं नाही का तुला?" ती म्हणाली, "हात पूर्वीसारखा राहिला नाही." वय तेवीस. कंप्युटरवर तिने चादर टाकून ठेवली.

वैशाखात पाड्यावर रूपीचं लग्न झालं. तिथे लग्नाला भांडी भाड्याने आणत नाहीत. घराघरातून टोप, परात, कळशी, झाकणं गोळा होतात, सगळ्या पाड्याचा भात त्यात शिजतो, आणि लग्न उरकलं की ढिगातून ज्याचं त्याला परत जातं. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक घर आपल्या भांड्याच्या बुडाला आपल्या रंगाचा ठिपका लावतं. शेजारच्या हिरीच्या घरचा लाल, पलीकडच्या काळ्याच्या घरचा पांढरा. भिकीच्या घरचा निळा, आणि तो निळा दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नव्हतं, कारण तो होडीला लावायचा ऑइलपेंट होता. चिमण आणि लाहूने खलाशी असताना धाकटी डहाणूहून आणलेला. डबा संपत आला की चिमण नवा आणायचा. ठिपका लावण्यात अविश्वास नसतो. घराबाहेर जाणारी वस्तू घराकडे परत यावी, एवढंच त्यात असतं. आणि दुसऱ्याच्या ठिपक्याचं भांडं चुकून आलंच, तर ते दिवस मावळायच्या आत स्वतः नेऊन द्यायचं. त्यात शिजवायचं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भिकी अंगणात बसून परत आलेली भांडी पालथी घालत होती. शितल घासून तिच्याकडे सारत होती. लाल ठिपक्याची एक परात निघाली ती भिकीने हिरीकडे न्यायला बाजूला ठेवली.

"सगळी आली," ती समाधानाने म्हणाली. "ठिपका असला की वस्तू वाट चुकत नाही. तुझ्या त्या कंप्युटरच्या विटेला पण लावला होता मी."

"कुठल्या विटेला?"

"ती पंख्यांची. सगळ्यात महाग ती, असं तूच सांगितलंस ना? तू अंघोळीला गेली होतीस. खोक्याला कुंकू लावून काय उपयोग, म्हणून चांदीच्या पिशवीतनं बाहेर काढली. कुंकू लावलं, पाठीवर काडीने निळा ठेवला. घराबाहेर चालली होती ना."

शितलला हसू आलं. एवढ्या महागाच्या वस्तूला आईने टोपासारखा ठिपका लावला. बऱ्याच दिवसांनी आलेलं हसू होतं ते. आईची गंमत बघावी म्हणून तिने चादर काढली, डब्याचे मागचे स्क्रू सोडवले आणि बाजूचा पत्रा ओढला.

कार्ड तिथे होतं. काळं, दोन पंख्यांचं. पाठ वर होती. पाठीवर धूळ होती. तिने बोटाने धूळ पुसली. मग पदराने पुसली. ठिपका नव्हता.

"आई, तुझा रंग उडाला वाटतं उष्णतेने."

भिकीला हे मुळीच आवडलं नाही. "होडीचा रंग आहे तो. खाऱ्या पाण्यात वर्षभर राहतो, तो तुझ्या विटेवरनं उडतोय? नीट बघ."

शितलने नीट बघितलं. कार्ड उपसून उलटंपालटं केलं. कोपऱ्यातल्या एका स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं, आधी कुणीतरी कितीदा तरी उघडल्यासारखं. नव्या कार्डाचा स्क्रू कशाला झिजेल? ती खाली बसली. कार्डाच्या पोटात खोटं नाव भरता येतं, पडद्यावर वाटेल ते दाखवता येतं, असं तिने एकदा कुठेतरी ऐकलं होतं. नविनने तिला कंप्युटरातलं सगळं शिकवलं होतं, तेवढं सोडून. कुंपणच शेत खायला लागलं तर शेताने कुणाकडे बघावं? तरी तिचं मन म्हणत होतं, दुकानात अदलाबदल झाली असेल, चुकून झाली असेल. भांडी नाही का चुकत?

तिने ते कार्ड पिशवीत घातलं आणि जीपने चारोटीला, तिथून तलासरीला गेली.

दुकानाबाहेर लाहूकाका खुर्ची टाकून बसला होता. तिला बघून तो हसला आणि म्हणाला, "आत आहे तुझा दादा. आता मोठा माणूस झालाय, मुंबईला चाललाय खेळायला." ती मागच्या खोलीत गेली. नविन खेळत होता. त्याच्या टेबलावर नवा डबा होता, काचेचा, आतून निळे-जांभळे दिवे लागणारा. तिने फोनवर कितीदा तरी उघडून पाहिलेला तोच. शोभा कुणाला दाखवायची, असं ज्याने विचारलं होतं त्याच्याकडे ती शोभा झगमगत होती. आत काळं कार्ड आडवं बसलेलं, आणि त्याच्या पाठीवर, दिव्यांच्या उजेडात, होडीच्या रंगाचा ठिपका.

तिने पिशवीतलं कार्ड त्याच्या कीबोर्डवर ठेवलं. खेळात तो मेला.

"हे तुझं," ती म्हणाली. "चुकून माझ्याकडे आलं. माझं दे."

नविनने हेडफोन काढला. आधी म्हणाला, कुठलं कार्ड, काय बोलतेस. तिने काचेवर बोट ठेवलं. तो त्या ठिपक्याकडे बघत राहिला.

"मला वाटलं वापीवाल्याची खूण असेल. दुकानदार लावतात तशी."

"म्हणजे कार्ड माझं होतं, हे तुला ठाऊक होतं."

तो एकदम भरभर बोलू लागला, खोटं संपलं की माणसं बोलतात तसं. "ऐक ना, शितू. तुझ्या त्या पत्र्याच्या घरात ते कार्ड वाया गेलं असतं. तू तर नुसती मजा म्हणून खेळणार होतीस. माझा धंदा आहे. मी टीमला वर नेलं. नाव झालं ते घरचंच झालं ना? मी तुला परत देणारच होतो, या स्पर्धेनंतर."

कार्डाची चोरी तिला समजत होती. गरज असते, मोह होतो, माणूस घसरतो. त्यासाठी तिने त्याला शिव्या दिल्या असत्या आणि वर्षाभराने माफही केलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण सलत होतं ते वेगळंच होतं.

"कार्डाचं राहू दे," ती म्हणाली. "माझा हात मंद आहे, असं का सांगितलंस?"

नविनने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"काहीतरी सांगायला हवं होतं ना," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, रागही नव्हता. एखाद्याला पत्ता सांगावा तसं त्याने ते सांगितलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सुरी दिसत नाही, आणि रक्त येईपर्यंत आपण मान पुढे करूनच बसलेले असतो. वर चहाही त्याचाच प्यायलेला असतो.

रविवारी त्यानेच सांगितलं होतं तशी तिने आधी वीज बंद केली, काच काढली, वायर सोडवली, खटका दाबला आणि कार्ड उपसलं. तो उठला नाही. ती कार्ड हातात घेऊन बाहेर आली तेव्हा लाहूकाका डोळे बारीक करून तिच्या हाताकडे बघत होता.

"हे काय गं? आपल्या घरचं भांडं इथे कसं आलं?"

"भांडं नाही काका."

"ठिपका तर आपलाच आहे," म्हाताऱ्याने कार्ड हातात घेऊन अंगठा फिरवला. "वेगळे झालो तेव्हा अर्धी भांडी मी आणली ना. नविन लहानपणी जेवायचा त्या ताटाला हाच ठिपका होता. ताट उलटं करून दाखवल्याशिवाय जेवायचा नाही. काय रे नविन, आठवतं?"

नविन मागच्या खोलीच्या दारात उभा होता. शितलने काकाच्या हातातून कार्ड घेतलं आणि जीपच्या थांब्याकडे चालू लागली. काका मागून हाक मारत होता, जेवून जा म्हणत होता.

घरी पोचली तेव्हा भिकी हिरीची परात देऊन आली होती. शितलने कार्ड बसवलं, पत्रा लावायचा तसाच ठेवला, आणि खेळ चालू केला. समोर शत्रू आला. चित्र थबकलं नाही. तिच्या मनगटाने वळण घेतलं आणि त्याला कळायच्या आत तो पडला. दुसरा आला, तोही पडला. मग भिंतीआडून दोघं एकदम आले. तिने विचारही केला नाही, हातानेच दोघांना बघून घेतलं. डाव संपला तेव्हा पडद्यावर सगळ्यांच्या वर तिचं नाव होतं. मुंबईला जाणाऱ्या पाच नावांत ते नव्हतं. ती नावं कधीच पाठवून झाली होती.

तिने माउसवरून हात उचलला, मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली.

भिकी दारातून डोकावली. तिला पडदा काही कळत नव्हता, पण तो हलत होता आणि पंखे फिरत होते एवढं दिसत होतं. पोरीचा चेहरा बघून ती आत आली.

"काय झालं? चालत नाही का अजून?"

"चालतंय."

"मग रडतेस कशाला?"

"चालतंय म्हणूनच, आई."